हर्निया बरा झाला, दुखणे मागे राहिले

१८६७ च्या ऑक्टोबरात रोमच्या वेशीवर, विला ग्लोरी नावाच्या टेकडीवर, सत्तरएक इटालियन स्वयंसेवकांची पोपच्या सैन्याशी गाठ पडली. गॅरिबाल्डीच्या बाजूने लढणाऱ्या या तुकडीचे म्होरके होते कैरोली बंधू. तुकडीत तेवीस वर्षांचा, नुकताच डॉक्टर झालेला एक तरुण होता. त्याचे नाव एदोआर्दो बास्सिनी. वैद्यकीची पदवी पदरात असूनही तो शिपाई म्हणून लढायला उतरला होता. त्या चकमकीत शत्रूची संगीन त्याच्या उजव्या जांघेत घुसली. आतड्याला इजा झाली आणि जखमेतून मळ वाहू लागला. त्याच अवस्थेत तो कैद झाला आणि काही महिने रुग्णालयात पडून राहिला. सुटका झाल्यावर पाविया येथे लुईजी पोर्ता या आपल्या गुरूच्या देखरेखीखाली तो हळूहळू बरा झाला.

हाच बास्सिनी पुढे जांघेच्या हर्नियावरील शस्त्रक्रियेचा जनक ठरला. जांघेतच जखम झाली आणि जांघेतच नाव काढले, ही गोष्ट सर्जन मंडळी आवडीने सांगतात. खरे कारण मात्र साधे असावे. हर्नियाचे रुग्ण गल्लोगल्ली होते आणि भरवशाचा उपाय कुणाकडेच नव्हता.

ज्याला जुनी माणसे अंतर्गळ म्हणत, तो हा विकार. पुरुषाच्या जांघेत पोटाच्या भिंतीतून एक तिरपी वाट जाते. जन्मापूर्वी वृषण पोटातून खाली उतरतात ते याच वाटेने, आणि पुढे वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या व वीर्यनलिका यांचा जुडगाही याच वाटेत असतो. वाट असली की तिथली भिंत दुबळी राहणारच. खोकताना, ओझे उचलताना, कुंथताना पोटातला दाब वाढतो आणि एक दिवस आतडे त्या दुबळ्या जागेतून बाहेर डोकावते. झोपले की गाठ आत जाते, उभे राहिले की पुन्हा येते. बहुतेक जण कमरेला पट्टा बांधून आयुष्य काढत. एखाद्याचे आतडे तिथे अडकून पिळवटले की मात्र जिवावर बेतत असे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रक्रिया होत नव्हत्या असे नाही, पण बहुतेकांची गाठ काही वर्षांत परत येई आणि रुग्ण पुन्हा पट्ट्याकडे वळे.

इटलीत शिकून, व्हिएन्ना, बर्लिन, लंडन अशी सर्जनांची तीर्थे पाहून बास्सिनी पादुआत स्थिरावला. तोवर लिस्टरच्या जंतुनाशक पद्धतीमुळे पोटाच्या भिंतीत खोलवर हात घालण्याचे धाडस करता येऊ लागले होते. १८८४ मध्ये त्याने आपली नवी शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली. आधीचे सर्जन वाटेचे बाहेरचे तोंड शिवून थांबत. बास्सिनीने वाट पूर्ण उघडली, बाहेर आलेली पिशवी मुळाशी बांधली आणि वाटेची मागची भिंत नव्याने उभारली. स्नायूंचे थर खाली ओढून त्याने जांघेतल्या घट्ट स्नायुबंधाला रेशमी टाक्यांनी शिवले. १८८७ मध्ये जिनोआत इटालियन सर्जनांसमोर त्याने हे मांडले, आणि दोन वर्षांनी पुस्तकच काढले. त्यात २६२ शस्त्रक्रियांचा हिशेब होता. रुग्णांचा माग काढून, पुन्हा तपासून त्याने दाखवले की हर्निया परत आलेले दहाहून कमी आहेत.

त्या काळात हा आकडा कुणाला सहजी पटण्यासारखा नव्हता. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम हॉलस्टेड जवळपास त्याच सुमारास तशाच वाटेने चालला होता. दोघांची कामे मिळून आधुनिक हर्निया-शस्त्रक्रियेचा पाया पडला. आणि एक मोजपट्टीही ठरून गेली. ऑपरेशन चांगले झाले की नाही हे एकाच प्रश्नावर ठरू लागले: गाठ परत आली का? पुढची शंभर वर्षे हर्नियाच्या सर्जनांनी एकमेकांशी स्पर्धा केली ती याच प्रश्नावर. रुग्णाला आणखी काही विचारायचे असते, हे फार उशिरा सुचले.

गंमत अशी की ज्या मज्जातंतूंमुळे पुढे ऑपरेशननंतरच्या दुखण्याचा सगळा गुंता झाला, त्यांचा नकाशा १९०० सालीच छापून आला होता. तो काढणारा हार्वे कुशिंग तेव्हा हॉलस्टेडच्या हाताखाली उमेदवारी करत होता. पुढे तो मेंदूच्या शस्त्रक्रियेतला मोठा माणूस झाला, पण त्या वर्षांत त्याला छळणारा प्रश्न वेगळा होता. आतडे अडकलेल्या, थकलेल्या म्हाताऱ्या रुग्णाला ईथर देऊन पूर्ण भूल देणे म्हणजे जुगारच होता. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलरने डोळ्यात कोकेन टाकून डोळा बधिर करून दाखवला, आणि लगेच हॉलस्टेडने मज्जातंतूंभोवती कोकेन टोचण्याचे प्रयोग स्वतःवरच सुरू केले. त्या प्रयोगांची किंमत म्हणून त्याला कोकेनचे व्यसन लागले. कुशिंगने तीच युक्ती जांघेत वापरली. बधिर करायचे तर कोणता तंतू कुठून जातो हे नेमके ठाऊक हवे. म्हणून १९०० मध्ये त्याने हर्नियासाठी स्थानिक भूल कशी द्यावी यावर लेख लिहिला आणि त्यात जांघेतल्या मज्जातंतूंची रचना तपशिलाने मांडली.

हे तंतू मुख्यतः तीन. कमरेच्या मणक्यांपाशी पाठीच्या कण्यातून निघून ते पोटाच्या भिंतीला वळसा घालत पुढे येतात. त्यांतले दोन, इलिओइंग्वायनल आणि इलिओहायपोगॅस्ट्रिक, स्नायूंच्या थरांमधून सरकत जांघेच्या वरच्या भागाला आणि मांडीच्या आतल्या कातडीला संवेदना देतात. तिसऱ्या, जेनिटोफेमोरल तंतूची एक शाखा हर्नियाच्या वाटेतूनच, वृषणाकडे जाणाऱ्या जुडग्याला लगटून खाली उतरते. तिन्ही तंतू बारीक, पांढुरके. एकाची हद्द कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते हे प्रत्येक शरीरात थोडे निराळे, आणि आतल्या आत त्यांचे धागे एकमेकांत मिसळलेले. हर्नियाचे टाके ज्या दोन-चार इंच जागेत पडतात, तिथेच हे तिघेही वावरतात.

टाक्यात एखादा तंतू सापडला, चेमटला, किंवा अर्धवट कापला गेला तर काय होते? याचे उत्तरही जुनेच होते, पण ते जांघेतल्या हर्नियाशी कुणी जोडले नव्हते. अमेरिकेच्या यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या डॉक्टर सायलस वीअर मिचेलने मज्जातंतूंवर गोळी लागलेल्या सैनिकांचे मोठे रुग्णालय सांभाळले. जखम भरून गेल्यावरही त्या सैनिकांच्या हातापायांत आग होई; कापडाचा, वाऱ्याचा स्पर्शही सोसेना. १८६४ मध्ये मिचेल आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी यावर पुस्तक लिहिले. या जळजळत्या वेदनेला पुढे कॉझाल्जिया हे नाव पडले. १९४२ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात मॅगी नावाच्या डॉक्टरांनी लिहिले की असेच काहीतरी जांघेत आणि मांडीत होते आणि त्यामागे जेनिटोफेमोरल तंतू असतो. तीन वर्षांनी त्याच नियतकालिकात लायन यांनी तोच विषय पुढे नेला. दोन्ही लेख शांतपणे कपाटात गेले. दुसरे महायुद्ध चालू होते, आणि सर्जनांचे लक्ष दुसरीकडे होते.

ते कुठे होते हे सांगायला टोरांटोचे उदाहरण पुरेसे आहे. हर्नियामुळे सैन्यभरतीतून परत पाठवलेल्या तरुणांवर एडवर्ड अर्ल शोल्डिस या सर्जनने स्थानिक भुलेखाली ऑपरेशने करायला घेतली, आणि १९४५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र रुग्णालयच काढले. मागची भिंत थरावर थर घडी घालून शिवायची आणि रुग्णाला लगेच चालायला लावायचे, ही त्याची रीत. हर्निया परत येण्याचे प्रमाण त्याने फारच खाली आणले. दरम्यान खुद्द बास्सिनीच्या शस्त्रक्रियेची बाहेर मोडतोड झाली होती. मागची भिंत उघडण्याची कटकट टाळून अनेक सर्जन वरवरचे टाके घालत आणि त्यालाच बास्सिनी म्हणत. ते इतके वाढले की त्याचा शिष्य अत्तिलिओ कात्तेरिना याला १९३० च्या दशकात मूळ शस्त्रक्रिया पायरीपायरीने दाखवणारा चित्रसंग्रह काढावा लागला. गुरूच्या पश्चात शिष्याला करावी लागणारी ही डागडुजी सर्जरीतही चुकत नाही.

पण बास्सिनीची असो की शोल्डिसची, पद्धत एका बाबतीत सारखीच होती: ताणून शिवायचे. मुळात दूर असलेले स्नायू ओढून आणले की टाक्यांवर कायम ताण राहणार, आणि ताण राहिला की कुठे ना कुठे उसवणार. व्हिएन्नाच्या बिलरोथने फार पूर्वी म्हटल्याचे सांगतात की स्नायुबंधासारखे घट्ट ऊतक कृत्रिमरीत्या बनवता आले तर हर्नियाचे कोडे सुटेल. ते ऊतक अखेर प्लास्टिकच्या कारखान्यातून आले. ह्यूस्टनच्या फ्रान्सिस अशरने १९५८ च्या सुमारास पॉलिएथिलीनची विणलेली जाळी वापरली आणि काही वर्षांत पॉलिप्रोपिलीनची. हे प्लास्टिक शक्य करणाऱ्या संशोधनासाठी झिग्लर आणि नात्ता यांना १९६३ चे नोबेल मिळाले.

जाळी घरोघरी पोचवली ती लॉस एंजेलिसच्या अर्व्हिंग लिख्टेनस्टाइनने. स्नायू ओढायचेच नाहीत. भोकावर जाळी अंथरायची, कडेने सैल टाके घालायचे आणि शरीराला त्या जाळीतून नवे ऊतक वाढवू द्यायचे. स्थानिक भूल, आणि त्याच दिवशी घरी. १९८९ मध्ये त्याने आपल्या सहकाऱ्यांसह, ज्यांत परवेझ अमीद हेही होते, एक हजार रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. एकाचाही हर्निया परत आला नव्हता. काही वर्षांतच दुर्बिणीतून जाळी बसवण्याची पद्धतही रुळली. जुन्या मोजपट्टीने पाहिले तर खेळ जिंकला होता.

आणि मोजपट्टी जिंकली म्हणूनच ती बदलण्याची वेळ आली, असे मला वाटते. गाठ परत येणे थांबल्यावर रुग्णाच्या दुसऱ्या तक्रारी ऐकू येऊ लागल्या. त्या नव्या नव्हत्या. न्यूयॉर्कचा जॉर्ज वाँट्झ १९९३ मध्ये हर्नियानंतर राहणाऱ्या वेदनेबद्दल सावध करत होता. १९९६ मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासाने, जाळी न घालता शिवलेल्या रुग्णांना वर्षभराने विचारले, तेव्हा ६३ टक्के लोकांनी काही ना काही दुखते असे सांगितले आणि सुमारे १२ टक्क्यांचे दुखणे मध्यम वा तीव्र निघाले. म्हणजे जाळी येण्याआधीपासून हे चालले होते. दोष सगळा जाळीवर ढकलता येणार नव्हता. १९९८ मध्ये स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधल्या दहा पेन क्लिनिकांनी ५,१३० रुग्णांची कारणे तपासली. त्यांतल्या पाचात एकापेक्षा जास्त जणांचे दुखणे एखाद्या शस्त्रक्रियेतून सुरू झालेले होते.

खरा धक्का डेन्मार्कने दिला. तिथे १९९८ मध्ये देशभरच्या हर्निया ऑपरेशनांची एकच नोंदवही सुरू झाली. ऑपरेशनच्या वर्षभरानंतर रुग्णांना घरी प्रश्नावली पाठवली गेली. विचारणारे ऑपरेशन केलेले सर्जन नव्हते, हा फरक लहान वाटला तरी मोठा आहे. ज्याने बरे केले त्याच्यासमोर बसून ‘अजून दुखते’ म्हणणे कुणालाही जड जाते. १,१६६ जणांनी उत्तर दिले. जवळपास २९ टक्के लोकांना जांघेत दुखत होते, आणि ११ टक्के म्हणाले की त्यामुळे काम किंवा करमणूक अडते. वैद्यकीय मदत मागितलेले मात्र त्याहून खूप कमी होते. तरुणांत दुखण्याचे प्रमाण जास्त. २००१ मध्ये बाय-निल्सन, पर्किन्स आणि हेन्रिक केहलेट यांनी हे छापले. लहानसे, किरकोळ समजले जाणारे ऑपरेशन आणि दहात एकाची अशी अवस्था! जगात वर्षाला दोन कोटींहून जास्त जांघेच्या हर्नियाची ऑपरेशने होतात, हे लक्षात घेतले की त्या दहात एकाचे वजन कळते.

दुखते म्हणजे काय होते? सगळ्यांचे सारखे नसते. काहींना जाळीच्या जागी ओढल्यासारखे, जड वाटते. वाकताना किंवा पायऱ्या चढताना जास्त. हे जाळीच्या आणि व्रणाच्या ताठरपणाचे. काहींच्या बाबतीत जाळी सपाट न राहता चुरगळलेल्या रुमालासारखी गोळा होते. अमीद यांनी २००४ मध्ये अशा गोळ्याला ‘मेशोमा’ असे नावच दिले. पण सर्वांत छळणारे दुखणे मज्जातंतूंचे. त्यात आग होते, वीज चमकल्यासारखी कळ मांडीत किंवा वृषणात उतरते, चड्डीच्या इलॅस्टिकचा स्पर्श सहन होत नाही, आणि त्याच जागेच्या शेजारी कातडी बधिर असते. ताठ उभे राहिले की वाढते, पाय पोटाशी घेऊन पडले की थोडे शमते. कापलेला किंवा टाक्यात अडकलेला तंतू वाढण्याचा प्रयत्न करतो, पण वाट सापडत नाही म्हणून टोकाशी गुठळी बनवतो. ही गुठळी, न्यूरोमा, वेळी-अवेळी मेंदूला निरोप पाठवत राहते.

अशा रुग्णाचे काय करायचे? गोळ्या, फिजिओथेरपी, सुन्न करणारी इंजेक्शने हे सगळे करून झाल्यावर एक जुनी कल्पना उरत होती: निरोप पाठवणारा तंतूच काढून टाकायचा. विस्कॉन्सिनचे जेम्स स्टार्लिंग यांनी १९८९ मध्ये सहकाऱ्यासोबत तो मार्ग नीट आखला. आधी एकेक तंतू इंजेक्शनने बधिर करून पाहायचा. ज्याने वेदना थांबते, तो अपराधी. मग तो कापायचा. पण तीन तंतू एकमेकांत मिसळलेले असल्याने अपराधी ओळखणे दरवेळी जमत नसे. एक काढला की दुसऱ्याच्या हद्दीत दुखणे तसेच राही. शिवाय जेनिटोफेमोरल तंतू कमरेच्या बाजूने वेगळा छेद देऊन गाठावा लागे, म्हणजे रुग्णाची दोन ऑपरेशने.

लॉस एंजेलिसमध्ये लिख्टेनस्टाइनच्या संस्थेत वाढलेले परवेझ अमीद यांनी १९९५ पासून याला वेगळे वळण दिले. जगभर जाळी पोचवणाऱ्यांपैकी एकानेच जाळीनंतरच्या वेदनेवर आयुष्यातली पुढची वर्षे घालवावीत, ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते. अपराधी कोण याची चौकशी सोडून त्यांनी तिन्ही तंतू एकाच वेळी, जुन्या छेदातूनच काढायचे ठरवले. २००२ मध्ये त्यांनी ही पद्धत छापली.

वर्णन करायला हे सोपे असले, तरी हात घातल्यावर जांघ ओळखू येत नाही. आधीच्या ऑपरेशनचा व्रण, जाळी आणि स्नायू एकजीव झालेले असतात, रंग सगळ्यांचा सारखाच पांढुरका. सर्जन व्रणाच्या मधोमध शोधत बसत नाही. तो वरच्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या टोकाकडे सरकतो, जिथे आधीच्या ऑपरेशनचा हात पोचलेला नसतो. तिथे स्नायूच्या थरावर इलिओइंग्वायनल तंतू पहिला सापडतो. त्याच्या थोडे वर, दोन थरांच्या मध्ये इलिओहायपोगॅस्ट्रिक. या दुसऱ्याचा एक भाग स्नायूच्या आत दडलेला असतो. आधीच्या सर्जनला तो दिसत नाही, आणि तिथे घातलेला टाका त्यालाच लागण्याची भीती असते. अमीद यांनी त्या दडलेल्या भागाचाही पाठपुरावा करायला सांगितले. तिसरी, जेनिटल शाखा, जुडग्याला शक्य तितका धक्का न लावता वाटेच्या आतल्या तोंडाशी पकडायची. तंतू जितका लांब काढता येईल तितका काढायचा, कापलेले टोक बांधायचे आणि पाठीच्या कण्याकडचे टोक निरोगी स्नायूच्या आत पुरून ठेवायचे. बाहेर, व्रणाच्या जागी, ते पुन्हा गुठळी करून दुखू नये म्हणून.

हे ऑपरेशन लगेच करायचे नाही, हाही नियम त्यात होता. निदान सहा महिने थांबायचे, कारण हर्नियानंतरचे दुखणे बऱ्याच जणांत आपसूक ओसरते. आणि दुखणे तंतूंचे आहे की जाळीच्या ताठरपणाचे हे आधी निश्चित करायचे. अमीद यांच्या अहवालांत चार-पंचमांशाहून जास्त रुग्ण वेदनामुक्त झाले. एकाच केंद्राचे, एकाच कसलेल्या हाताचे आकडे आहेत, हे विसरू नये. दुसरीकडे ते तसेच येतील याची खात्री नाही. किंमतही असतेच. जांघेच्या त्या भागात कायमची बधिरता येते, काहींत बधिर जागेच्या कडेला नवी अतिसंवेदना. तरीही आगीशी तुलना करता बधिरता पत्करणारे बरेच निघतात.

दुर्बिणीतून जाळी बसवल्यावर दुखणे राहिले तर जुना छेदच नसतो, आणि तंतूंची इजा आणखी आत झालेली असू शकते. त्यासाठी मागच्या बाजूने, पोटाच्या पडद्यामागून, कण्याजवळच तंतू गाठण्याची कल्पना आली. स्वित्झर्लंडच्या क्रेहेनब्यूलने १९९७ मध्ये दुर्बिणीतून तसे करून दाखवले होते. लॉस एंजेलिसच्या डेव्हिड चेन यांनी २०१३ मध्ये अमीद यांच्यासह २० रुग्णांवर तिन्ही तंतू याच मार्गाने काढल्याचे लिहिले. इथे व्रणाची झुंज नसते, पण तंतू जितका मुळाशी कापाल तितका बधिर प्रदेश मोठा, आणि पोटाच्या कडेचे स्नायू सैल पडण्याचा धोकाही.

यातून साहजिकच एक मोहाचा प्रश्न निघाला. नंतर कापायचाच असेल, तर पहिल्याच ऑपरेशनमध्ये तंतू काढून मोकळे का होऊ नये? इटलीत पिक्किओ यांनी ८१३ रुग्णांवर हे तपासले. २००४ चा निष्कर्ष: वेदनेत फरक नाही, बधिरता मात्र जास्त. दोन वर्षांनी हाँगकाँगमध्ये १०० रुग्णांवर केलेल्या अभ्यासात उलटे दिसले; तंतू काढलेल्यांत सहा महिन्यांनी ८ टक्क्यांना दुखत होते, राखलेल्यांत २८.६ टक्क्यांना. त्याच वर्षी इटलीतल्या अल्फिएरी यांच्या ९७३ रुग्णांच्या अभ्यासाने मात्र सांगितले की तिन्ही तंतू ओळखून जपले की वेदना सर्वांत कमी, आणि जितके तंतू दिसले नाहीत तितका धोका जास्त. माझा कल या शेवटच्याकडे आहे. कारण मूळ दोष न बघता टाका घालण्यात होता, आणि न बघता कापल्याने तो सुधारत नाही. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही सरसकट तंतू काढण्याला पाठिंबा दिला नाही; इजा झालेला किंवा जाळीच्या आड येणारा असेल तर काढावा, एवढेच.

या गोष्टीला महाराष्ट्राचेही दोन पदर आहेत. पुण्याचे डॉ. मोहन देसर्डा यांनी जाळीच वगळली. वरच्या स्नायूच्या आवरणाची एक पट्टी, मुळापासून न तोडता, दुबळ्या जागेवर आणून शिवायची, अशी त्यांची रीत. २००१ मध्ये ती ऑस्ट्रेलियाच्या सर्जरी नियतकालिकात आली. परदेशी द्रव्य नको आणि स्नायूवर ताणही नको, अशी मांडणी. पोलंडमध्ये २०८ रुग्णांवर तिची लिख्टेनस्टाइनच्या जाळीशी तुलना झाली. २०१२ च्या त्या निकालात हर्निया परत येणे आणि रेंगाळणारे दुखणे, दोन्हींत लक्षणीय फरक निघाला नाही. जाळीविना बरोबरी हा देसर्डांचा विजय. पण जाळी काढली म्हणजे दुखणे संपले, असेही त्यातून म्हणता येत नाही.

धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांपुढचा प्रश्न निराळा होता. आयात जाळी त्यांच्या रुग्णांच्या आवाक्याबाहेर होती, म्हणून त्यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले. २००३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह त्याचा अहवाल दिला. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर तशाच स्वस्त कापडाची महाग जाळीशी तुलना झाली, आणि २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने छापले की दोन्ही जवळपास सारख्याच टिकतात. ज्या देशांत रुग्णाला हर्निया शिवून मिळणेच मुश्कील, तिथे ‘परत आला का’ हा प्रश्न अजून आधीच्या रांगेत उभा आहे, हेही खरे.

वेदना मोजायला लागल्यावर हर्नियाच्या उपचाराचे गणित बदलले. ऑपरेशनपूर्वी रुग्णाला गाठ दिसते का, आधीच दुखते का, वय किती, हे आता विचारले जाते. गाठ न दिसता नुसते दुखणाऱ्या जांघेत चाकू घालताना सर्जन आता दहादा विचार करतात. १९९६ च्या अभ्यासातही ज्यांची गाठ आधी दिसत नव्हती, त्यांचेच पुढे जास्त दुखले होते. संमतिपत्रावर ‘दीर्घकाळ दुखणे राहू शकते’ अशी ओळ येऊ लागली. आणि त्रास नसलेला हर्निया सरळ तसाच ठेवून पाहावा का, हा पूर्वी हास्यास्पद वाटला असता असा प्रश्न अमेरिकेत गांभीर्याने विचारला गेला. फिट्झगिबन्स यांनी ७२० पुरुषांना दोन गटांत विभागले: काहींचे ऑपरेशन, काहींवर नुसती नजर. २००६ मध्ये छापलेल्या निष्कर्षात थांबणे सुरक्षित ठरले. वाट पाहणाऱ्या हजार पुरुषांमागे वर्षाला दोनपेक्षाही कमी जणांचे आतडे अडकले.

त्याच थांबलेल्या पुरुषांचा दहा वर्षांनी पुन्हा हिशेब झाला. सुमारे ६८ टक्के तोवर ऑपरेशनच्या टेबलावर पोचलेले होते. गाठ मोठी झाली, अडकली म्हणून आलेले थोडे; बहुतेकांनी सांगितलेले कारण होते, दुखायला लागले.